डोंगरातले समूहोपचार शिबिर : जावे की जाऊ नये?

सरळरेषा (चर्चाप्रस्ताव)

मुळशी-ताम्हिणीपासून उत्तराखंडात कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरपर्यंत अलीकडे ‘थेरपी रिट्रीट’ या नावाने चार-पाच दिवसांची निवासी शिबिरे भरू लागली आहेत. सकाळी समूहोपचार, दुपारी ‘लाइफ कोचिंग’ (आयुष्यातली ध्येये गाठण्यासाठीचे मार्गदर्शन) आणि रात्री शेकोटीभोवती मन मोकळे करणे, असा त्यांचा साधारण बेत असतो. माझे मत असे की डोंगरात विश्रांतीसाठी खुशाल जावे, पण जुने दुःख उकरून काढण्यासाठी जाऊ नये.

समूहोपचाराची रूढ पद्धत सात-आठ जणांच्या ठरलेल्या गटाची असते. हा गट आठवड्यातून एकदा, सुमारे दीड तास भेटतो आणि अनेक महिने चालतो. बैठक संपली की माणूस घरी जातो, कामावर जातो, आणि जे वर आले ते आठवडाभर पचवून पुन्हा गटात येतो. मधला हा आठवडा उपचाराचाच भाग आहे. शिबिरात तो नसतो; सकाळी ज्यांच्यासमोर रडलो त्यांच्याच पंक्तीला दुपारी जेवायचे असते, आणि पाचव्या दिवशी सगळे आपापल्या गावी पांगतात.

दुसरा आक्षेप उपचार आणि कोचिंग यांच्या सरमिसळीला आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तर कोच म्हणवून घेण्यासाठी असा कोणताही परवाना लागत नाही. दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने घेतल्या आणि शेवटच्या दिवशी, सर्वांचे डोळे ओले असताना, तिनेच पुढच्या ‘लेव्हल’ची नावनोंदणी सुरू केली, तर त्याला उपचार म्हणणे मला जड जाते. २००९ साली अमेरिकेतल्या सेडोना येथे जेम्स आर्थर रे या व्यक्तिमत्त्व-विकास गुरूंच्या शिबिरात, उपासानंतर तापलेल्या बंदिस्त झोपडीत बसवलेल्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. २०११ मध्ये न्यायालयाने रे यांना दोषी ठरवले.

देवराई

सेडोनाचा दाखला मला अप्रस्तुत वाटतो, कारण ती माणसे उष्णतेने दगावली, समूहोपचाराने नव्हे.

साप्ताहिक गटाची तुमची कल्पना पुण्या-मुंबईत ठीक आहे. मी रत्नागिरीला राहते आणि इथे असा एकही गट माझ्या माहितीत नाही. वडील गेल्यानंतर माझ्यापुढे प्रश्न साप्ताहिक गट की शिबिर असा नव्हताच. शिबिर की काहीच नाही, एवढाच होता. शिवाय लहान शहरात तुमच्या शेजारी बसलेला अनोळखी माणूस दहाव्या मिनिटाला मावसबहिणीच्या दिराचा मित्र निघतो, आणि मग कोण कशाला तोंड उघडेल? अनोळखी डोंगरात, अनोळखी माणसांत, मोबाइलविना बसल्यावर मी जे बोलले ते घरापासून दोन गल्ल्यांवर बोलले नसते.

निवासी गट ही काल निघालेली टूमही नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बेथेल या डोंगराळ भागातल्या गावी १९४७ पासून ‘टी-ग्रुप’ (आपापसांतल्या वागण्यावर मोकळेपणी बोलून शिकणारे छोटे गट) भरत असत, आणि रोजच्या नात्यांपासून व पदांपासून माणसाला दूर नेणे हाच त्या जागेच्या निवडीमागचा हेतू होता. आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. तिथे जाणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही. डोंगरात जाऊन बोलणाऱ्यालाच तेवढे प्रश्न का?

कातळ

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. देवराईताई, धम्मगिरीची तुलना तुमच्याच मुद्द्यावर उलटते. तिथे मौन असते, त्यामुळे गटाचा दबाव जवळजवळ नसतो, शुल्क नसते, आणि अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारली जाते. ज्या रिट्रीटच्या अर्जात आहार कोणता आणि खोली स्वतंत्र हवी का एवढेच विचारलेले असते, त्याविषयी मी रुग्णांना सावध करतो. बायपोलर आजार असलेल्या व्यक्तीला दोन रात्रींचे जागरण उन्मादाकडे नेऊ शकते. या आजारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी झाले तर रक्तातली औषधाची पातळी धोकादायक होऊ शकते. मुक्तेश्वरहून हल्द्वानीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत घाटाचा दोन-तीन तासांचा रस्ता आहे, याचा विचार नावनोंदणीच्या वेळी कोणी करत नाही.

मात्र सरळरेषा यांचा सगळा भर परवान्यावर आहे, तोही मला अपुरा वाटतो. लीबरमन, यालोम आणि माइल्स या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या एन्काउंटर गटांत (भावना थेट समोरासमोर बोलून दाखवण्याच्या गटांत) बसवून जो अभ्यास केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा जणांना टिकाऊ मानसिक अपाय झाल्याचे त्यात आढळले. या गटांचे नेते नवशिके नव्हते, चांगले अनुभवी होते. अपाय अधिक झाला तो आक्रमक, प्रभावी व्यक्तिमत्त्वाच्या आणि ‘आत्ताच्या आत्ता उघडा’ असा आग्रह धरणाऱ्या नेत्यांच्या गटांत. म्हणून नोंदणी क्रमांक पाहावाच; परंतु ‘मी आज बोलणार नाही’ असे म्हणणाऱ्याला तिथे कसे वागवतात, हे आधी जाऊन आलेल्यांकडून काढून घ्यावे.

पाणवठा

एक व्यावहारिक मुद्दा. चार दिवसांच्या त्या शुल्कात शहरातल्या समुपदेशकाकडे किती महिने जाता येईल, याचा हिशेब करून पाहावा. ऑनलाइन समुपदेशनामुळे आता रत्नागिरीचीही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही, आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर तर पैसेही लागत नाहीत.

देवराई

हिशेब बरोबर आहे, पण फोनवर एकाच व्यक्तीशी बोलणे आणि आपल्यासारखेच दुःख असलेल्या सहा जणांनी आपल्याकडे पाहून मान हलवणे, यांत मला फरक वाटतो. समूहोपचार म्हणतात तो त्या मान हलवण्यालाच. कातळ यांचा निकष मान्य आहे. आमच्या शिबिरात एक गृहस्थ तीन दिवस काही बोलले नाहीत आणि त्यांना कोणीही टोकले नाही.

सरळरेषा

तरीही पाठपुराव्याचा प्रश्न उरतोच. पुण्यातले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही निवासीच आहे, परंतु तिथून बाहेर पडलेल्यांसाठी निरनिराळ्या गावांत पाठपुरावा सभा होतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते. रिट्रीटनंतर काय असते? बहुधा व्हॉट्सॲपचा एक गट, ज्यात पंधरा दिवसांनी सुप्रभातचे संदेश येऊ लागतात.

देवराई

आमच्यासाठी सहा महिने दरमहा ऑनलाइन बैठक होती आणि ती शिबिरातल्याच मानसोपचारतज्ज्ञ बाई घेत असत. त्याचे पैसे सुरुवातीच्या शुल्कातच धरलेले होते. अशी सोय नसलेली शिबिरे तुम्ही खुशाल झोडपा, त्यात मीही तुमच्या बाजूने बोलेन. ‘डोंगरात जाऊच नये’ हे मात्र मला मान्य नाही.

सरळरेषा

सहा महिन्यांच्या बैठकांची लेखी हमी आणि त्या घेणाऱ्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक माहितीपत्रकात छापलेला असेल, तर माझा विरोध फक्त दुपारच्या कोचिंगपुरता उरतो. तो मात्र कायम आहे.