सप्लाय चेनच्या डिग्रीला ग्रॅज्युएट सर्टिफिकेट जोडू का? उपयोग होतो का खरंच?

गोदामी_उंदीर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स चालू आहे, दोन सेमिस्टर झाली, दोन राहिली. त्याआधी तीन वर्षं एका कारखान्यात डिस्पॅचला होतो, म्हणजे गाड्या लावा, कागद जुळवा आणि रात्री अकराला "माल कुठाय" म्हणून फोन घ्या, एवढंच. आता डिपार्टमेंटचा मेल आलाय की डिग्रीसोबत एक ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करता येईल. डेटा अ‍ॅनालिटिक्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, प्रोक्युअरमेंट (म्हणजे खरेदी) किंवा सस्टेनेबिलिटी, यातलं कुठलंही एक. चार विषय, बारा क्रेडिट. त्यातले दोन विषय डिग्रीतपण धरतात असं मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय.

एक मित्र म्हणतो डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो कागदाची भेंडोळी वाढवू नकोस, त्यापेक्षा सीपीआयएम किंवा सीएससीपी (या क्षेत्रातल्या व्यावसायिक परीक्षा) कर. माझी अवस्था त्या दोघांच्या मधे लटकल्यासारखी झालीय. नोकरी देणारा हे बघतो का? आणि बघत असेल तर कुठलं घेऊ?

---

लीडटाईम_लांबला

अकरा वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे, वर्षातून चार-पाच वेळा तरी इंटरव्ह्यू घ्यायला बसवतात, त्यामुळे टेबलाच्या या बाजूचं सांगतो. सर्टिफिकेटचं नाव वाचतो, पण त्यावर कुणाला घेतलं नाही अन् कुणाला नाकारलंही नाही. त्याने फक्त एवढं होतं की मी प्रश्न कुठून सुरू करायचा ते ठरतं.

मागे एकजण आला होता, डिग्री सप्लाय चेनची, वर अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेट. म्हटलं चला, सेफ्टी स्टॉक काढ, म्हणजे माल संपू नये म्हणून ठेवायचा जादा साठा. रोजची मागणी सरासरी 100 नग, तिचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून साधारण किती हलते ते) 40, लीड टाईम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) 9 दिवस, सर्व्हिस लेव्हल (माल न संपण्याची शक्यता) 95 टक्के. गड्याने पटकन 1.65 (95 टक्क्यांसाठीचा तक्त्यातला आकडा) गुणिले 40 गुणिले 9 चं वर्गमूळ, 198 नग. बरोबर. मग म्हटलं आता पुरवठादार कधी सात दिवसात देतो कधी अकरा, लीड टाईमचं स्टँडर्ड डेव्हिएशन 2 दिवस धर. तिथे गाडी अडली. "तेवढंच राहील ना सर?" म्हणे. नाही रे बाबा. 9 गुणिले 1600 म्हणजे 14400, त्यात 100 चा वर्ग गुणिले 2 चा वर्ग म्हणजे 40000 मिळव, वर्गमूळ 233 च्या आसपास, गुणिले 1.65 म्हणजे 385. जवळजवळ दुप्पट! मागणी तीच, फक्त गाडी कधी येईल याचा भरवसा नाही, एवढ्यापायी.

त्याला पायथॉनमध्ये मॉडेल बांधता येत होतं हां, ते मी नाकारत नाही, पण मॉडेलमध्ये काय ओततोय ते कळत नव्हतं. तू डिस्पॅचला तीन वर्षं काढलीस, तुला हे अंगानेच माहीत असणार, फक्त आकड्यात मांडता येतं का ते बघ. येत असेल तर सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, येत नसेल तर तेच शिकवणारं घे.

---

एबीसी_अ‍ॅनालिसिस

वरच्याशी सहमत, पण धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. ग्रॅज्युएट सर्टिफिकेट युनिव्हर्सिटी देते, विषय पास झालात की मिळतं, ट्रान्सक्रिप्टवर चढतं आणि कायम राहतं. सर्टिफिकेशन व्यावसायिक संस्था देते, परीक्षा द्यावी लागते आणि ते सांभाळावंही लागतं. सीपीआयएम, सीएससीपी, सीएलटीडी ही तिन्ही एएससीएम या सप्लाय चेनवाल्यांच्या संस्थेची, म्हणजे पूर्वीची अ‍ॅपिक्स. सीपीआयएम कारखान्याच्या आतलं, म्हणजे प्लॅनिंग, इन्व्हेंटरी, शेड्युलिंग. सीएससीपी पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतची अख्खी साखळी, दीडशे प्रश्न आणि साडेतीन तास. सीएलटीडी वाहतूक आणि गोदामाकडे झुकलेलं. मिळाल्यावर दर पाच वर्षांत 75 पॉइंट गोळा करायचे, नाहीतर ते जातं.

प्रोक्युअरमेंटला आयएसएम या खरेदीवाल्यांच्या संस्थेचं सीपीएसएम आहे, तीन पेपर, आणि डिग्री असली तरी तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात, तोही याच कामातला. नुसता डिस्पॅच त्यात धरतील असं गृहीत धरू नकोस, आधी विचार.

त्यामुळे "हे की ते" असा प्रश्नच नाही. सीएससीपीचा निम्म्याहून जास्त अभ्यास तुझ्या डिग्रीत झालेलाच आहे, ती परीक्षा नोकरी लागल्यावर दे, कितीतरी कंपन्या फी भरतात. युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट मात्र आत असतानाच स्वस्तात पडतं. म्हणून त्यात असं काहीतरी घे जे डिग्रीत नाहीये. सप्लाय चेनच्या डिग्रीवर प्रोक्युअरमेंटचं सर्टिफिकेट म्हणजे वरणावर आमटी.

---

क्रेडिटखाऊ

मी केलंय, आणि तोंडही पोळलंय, म्हणून लांबण लावते, कंटाळा आला तर सोडून द्या.

"दोन विषय डिग्रीतही धरतात" या वाक्यावर विसंबू नकोस दादा. कोणते दोन ते लेखी विचार. माझ्या वेळी कोर (म्हणजे सक्तीचे) विषय चालत नव्हते, फक्त इलेक्टिव्ह चालत होते, आणि माझे इलेक्टिव्ह तोवर संपलेले. म्हणजे बारातले सहा क्रेडिट फुकट पडतील असं धरून चालले होते ते सगळे बारा नव्याने करावे लागले. दुसरं म्हणजे अर्ज. मला वाटलं विषय पास झाले की सर्टिफिकेट आपोआप येईल, तर तिथे वेगळं अ‍ॅडमिशन घ्यावं लागतं आणि तेही डिग्री संपायच्या आत. मी चौथा विषय संपवून ऑफिसात गेले तर काउंटरवरची बाई म्हणते तुम्ही त्या प्रोग्रॅममध्ये नाहीच आहात. दोन महिने मेलामेली, शेवटी एका प्रोफेसरांनी मधे पडून मिटवलं.

तिसरं, चारही विषय दर टर्मला असतात का ते बघ. एखादा वर्षातून एकदाच असतो आणि त्याच्यापायी अख्खं सेमिस्टर वाढतं. तेवढ्या काळाचा पगार बुडतो तो कुणी हिशोबात धरत नाही.

एवढं करून उपयोग झाला का? झाला. माझं अ‍ॅनालिटिक्सचं होतं. मला एसक्यूएलने (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) वाचवलं, पायथॉनने नाही. डेटा मागायला आयटीच्या दारात उभं राहावं लागत नाही, ऑर्डरचं टेबल आणि शिपमेंटचं टेबल स्वतः जोडते आणि कुठली ऑर्डर अर्धीच गेली ते बाहेर येतं. बाकी न्यूरल नेटवर्क वगैरे जे शिकवलं ते परीक्षेनंतर परत उघडलेलं नाही.

---

हिरवा_कंटेनर

सस्टेनेबिलिटीला कुणी विचारत नाही म्हणून माझे दोन पैसे. जीएचजी प्रोटोकॉलमधलं (हरितगृह वायू मोजायच्या नियमावलीतलं) स्कोप 3 म्हणजे आपल्या कारखान्याच्या बाहेरचं उत्सर्जन, खरेदी केलेल्या मालापासून वाहतुकीपर्यंत, 15 प्रकार आहेत त्याचे. हे आकडे गोळा कोण करणार? पुरवठादाराशी बोलणाराच. काम कंटाळवाणं आहे, शंभर पुरवठादारांना एकच एक्सेल शीट पाठवायची आणि निम्म्यांनी युनिट चुकवलेलं परत दुरुस्त करायचं, पण हे करणारी माणसं कमी आहेत. ज्याला त्यात रस आहे त्यानेच घ्यावं. फॅशन म्हणून नको.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं म्हणशील तर ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायच्या प्रोजेक्टवर जायचं असेल तरच.

---

गोदामी_उंदीर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती. @क्रेडिटखाऊ ताई, तुमचं वाचून तडक मेल टाकला. उत्तर आलं, दोन इलेक्टिव्ह चालतात, माझे दोन्ही अजून शिल्लक आहेत (वाचलो!), वेगळा अर्ज लागतो, आणि डेटाबेसचा विषय फक्त पुढच्याच टर्मला आहे. म्हणजे आत्ता घेतला तर सेमिस्टर वाढत नाही, दोन टर्ममध्ये एकेक विषय जास्तीचा, बस. अ‍ॅनालिटिक्सचा अर्ज भरतोय. सीएससीपी नंतर.

@लीडटाईम_लांबला, तुमचं गणित काल रात्री जुन्या डायरीवर करून बघितलं. डिस्पॅचला असताना एका कच्च्या मालाच्या गाड्यांच्या तारखा मी हाताने लिहून ठेवायचो, 31 नोंदी सापडल्या. पुरवठादार कायम सात दिवस म्हणायचा आणि गंमत म्हणजे सरासरी खरंच सातच निघाली! पण सगळ्यात लवकर आलेली चौथ्या दिवशी आणि सगळ्यात उशिरा तेराव्या. आमच्याकडे सेफ्टी स्टॉक मात्र सात धरूनच काढलेला. प्रश्न असा की ती तेरावाली नोंद आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा आकडा) म्हणून काढून टाकू का?

---

लीडटाईम_लांबला

काढू नकोस. रात्री अकराचे फोन त्याच आठवड्यात आले होते का ते डायरीत बघ आधी.

---

गोदामी_उंदीर

बघितलं. सलग चार रात्री.