मदत हवी आहे: तुरट नको, पण पाणचटही नको, मग कोणती रेड वाइन?

वाइनच्या रॅकसमोर उभं राहिलं की माझी गाडी दरवेळी लेबलावरच अडते. एक मात्र पक्कं कळलंय, कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षाची रेड मला झेपत नाही. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतात, बिनदुधाचा उकळून कडू झालेला चहा प्यायल्यासारखं.

शिराझचा मिरीसारखा वास फार आवडला, तुरटपणा मात्र तिथेही आहेच. (सिरा हे त्याच द्राक्षाचं दुसरं नाव, हे मला दुसरी बाटली उघडल्यावर कळलं!) द्राक्षाची साल पातळ म्हणून टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) कमी, असं वाचून पिनो न्वार आणली. तोंडाला बरी वाटली, पण फारच हलकी. मर्लो मऊ होती, जरा कंटाळवाणी. बाटली तासभर आधी उघडून, जेवणाबरोबर घेऊन पाहिलं, फार फरक पडला नाही.

गोड वाइन कृपया सुचवू नका. व्हाइटचंही माझं ठीक चाललंय. महिन्याला एकच बाटली होते, त्यामुळे दहा प्रकार चाखून ठरवणं जमणार नाही.

वाचनातून तीन द्राक्षांची नावं उरलीत: ग्रनाश, बार्बेरा आणि गामे. त्यात युरोपातल्या बऱ्याच बाटल्यांवर द्राक्षाऐवजी गावाचं नाहीतर प्रदेशाचं नाव असतं. फ्रान्समधल्या बोजोलेची रेड म्हणजे गामे, एवढंच मला पाठ आहे.

मिरीचा तो वास हवा, अंगाने भरलेली हवी, टॅनिन कमी हवं, तर या तिघांतलं आधी कोणतं घेऊ? आणि ते लेबलावर कोणत्या प्रदेशाच्या नावाने शोधू?