नानांचं सोडियम

ताई: नानांचं सोडियम १२४ आलंय. १३५ ते १४५ हवं. रात्री मलाच 'तुम्ही कोण?' म्हणाले. ॲडमिट केलंय. भेटायला येणाऱ्यांनी मीठ-पाणी, ताक काही आणू नका, हात जोडते.

काका नाशिक: सोडियम कमी म्हणजे मीठ कमी. मीठ वाढवा. साधी गोष्ट आहे.

आत्या पुणे: दिवाळीत माझं लोणचं 'बीपीला वाईट' म्हणून याच घरातून परत आलं होतं.

वहिनी: आत्या, लोणच्याचा विषय आत्ता नको ना 🙏

आत्या पुणे: मी कुठे काढला? आठवलं म्हणून बोलले.

मी: ताई, किडनी गेलीय का?

ताई: नाही रे, किडनीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, नॉर्मल आहे. किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं परत घेतात. पाणी किती राखायचं ते एडीएच नावाचं हार्मोन ठरवतं, सोडियम राखायला अल्डोस्टेरॉन हे दुसरं हार्मोन सांगतं. नानांच्या बीपीच्या गोळीत थायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध आहे. त्यानं लघवीतून सोडियम जातं, शिवाय जादा पाणी बाहेर टाकायची किडनीची ताकद कमी होते. त्यात हे रोज पाच लिटर पाणी पीत होते! आमटीत पाणी जास्त झालं की ती अळणी लागते, तसं रक्ताचं झालं.

काका नाशिक: मग अळणी आमटीत आपण मीठच घालतो ना?

मी: 😂 पॉइंट आहे काकांचा

ताई: हसू नकोस. सोडियम भराभर वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते. २४ तासांत आकडा ८-१० पेक्षा जास्तनं वाढू देत नाहीत, दर काही तासांनी रक्त तपासतायत.

मामी: सैंधव चालेल का? त्यात सोडियम नसतं म्हणे.

ताई: मामी, सैंधव म्हणजेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच.

वहिनी: पाच लिटर पाण्याचा मेसेज याच ग्रुपवर आला होता. कुणी टाकला ते सगळ्यांना माहितीय.

काका नाशिक: मी चांगल्या भावनेनं फॉरवर्ड केला होता. सोडियम कमी म्हणजे मीठ कमी, एवढंच म्हणतोय.

आत्या पुणे: तू आता गप्प बस रे.

वहिनी: काका, राग मानू नका. रात्रभर जागी आहे मी.

काका नाशिक: मोठा भाऊ आहे माझा. दुपारच्या गाडीनं निघतो, रात्री मी थांबतो. काय आणू?

ताई: काही नको. गोळी बंद केलीय, पाणी मोजून द्यायचंय. उशाशी वही ठेवलीय, प्रत्येक घोट आणि लघवीचं माप तीत लिहा.

काका नाशिक: लिहितो.