जुन्या रॉकच्या सीडी: ऐंशीच्या दशकातल्याच शोधाव्यात का?

मासुंदाकाठ (नौपाडा, ठाणे)

आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी होत होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चाळीसेक सीडी रद्दीवाल्याच्या गाडीवर ठेवलेल्या दिसल्या. त्यांचा मुलगा मर्चंट नेव्हीत होता. सिंगापूर, रॉटरडॅम असं फिरताना त्याने १९८४ ते ८९ या काळात त्या घेतलेल्या. रद्दीवाल्याला पैसे देऊन मी सगळ्या उचलल्या आणि आजोबांना वर जाऊन सांगितलं. "ऐकणार असशील तर ने," एवढंच म्हणाले.

त्यात जपानमध्ये छापलेली 'डार्क साइड ऑफ द मून' निघाली, लेबलवर भरीव काळा त्रिकोण असलेली. पिंक फ्लॉइडची ही रेकॉर्ड मी कॉलेजात कॅसेटवर ऐकली, मग नव्या सीडीवर, आता मोबाइलवर ऐकतो. त्या रात्री 'टाइम'च्या सुरुवातीची शांतता इतकी खोल होती की घड्याळं वाजली तेव्हा मी दचकलो. तीस वर्षं पाठ असलेल्या गाण्याला!

माझं म्हणणं असं, की साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक ऐकायचं तर १९८३ ते १९९० मधली सीडी शोधावी. तेव्हा सगळा आवाज दाबून एका पातळीवर आणणारे डिजिटल लिमिटर स्टुडिओत रुळले नव्हते. वेव्हज कंपनीचा एल-१ आला १९९४ साली. त्यानंतर नवी आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा मोठ्याने वाजलीच पाहिजे अशी चढाओढ लागली. ड्रमचा ठोका जिथे उसळायला हवा तिथेच त्याचं डोकं छाटलं जातं. शिवाय मूळ टेपचं वय बघा. सत्तरच्या मध्यापासून वापरात आलेल्या अँपेक्स ४५६सारख्या टेपवरचा थर हवेतली ओल शोषून चिकट होतो. आज ती वाजवायची तर आधी कमी तापमानाच्या भट्टीत तासन् तास शेकावी लागते. १९८४ मध्ये या टेप दहा वर्षांच्याही नव्हत्या.

नौपाडा, पाचपाखाडी, चरईत जुन्या इमारती एकामागून एक पडतायत. माळ्यावरच्या सीडी रद्दीत चालल्यात. दिसल्या तर कृपया थांबवा.

सेक्टर सतरा (वाशी)

काका, सीडी वाचवल्यात, फार चांगलं केलंत. निष्कर्ष मात्र पटला नाही. 'पहिलं ते उत्तम' हा नियम धरलात तर फसाल.

सुरुवातीच्या कितीतरी सीडी मूळ मास्टर टेपवरून, म्हणजे स्टुडिओतल्या अंतिम टेपवरून, निघालेल्याच नाहीत. कंपन्यांना घाई होती. एलपी कापण्यासाठी बनवलेली, त्या हिशेबाने खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त केलेली प्रत कपाटात हाताशी असायची, तीच उचलली. प्रतीची प्रत. जेथ्रो टलची 'अॅक्वालंग' घ्या. तिची जुनी सीडी ऐकून मला वाटायचं रेकॉर्डिंगच मळकट आहे. २०११ मध्ये स्टीव्हन विल्सनने मल्टिट्रॅकवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळी नोंदलेल्या टेपवरून, नव्याने मिक्स केली आणि तीच गिटार अंगावर आली.

बीटल्सचं तर बघाच. त्यांच्या सीडी अधिकृतपणे निघाल्या १९८७ मध्ये. त्यातल्या 'हेल्प!' आणि 'रबर सोल' त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी तेव्हा नव्याने मिक्स केल्या होत्या. म्हणजे 'पहिली सीडी' घेऊन तुम्ही १९६५ चं स्टिरिओ मिक्स ऐकतच नाही! रोलिंग स्टोन्सच्या साठच्या दशकातल्या रेकॉर्ड अॅबको कंपनीने १९८६ मध्ये सीडीवर आणल्या आणि २००२ मध्ये पुन्हा मास्टर केल्या, म्हणजे छपाईआधीचा अंतिम आवाज नव्याने बसवला. माझ्याकडे दोन्ही आहेत. २००२ च्या उजव्या आहेत, त्यात मला शंका नाही.

साल बघू नका. टेप कुठली आणि मास्टरिंग कोणी केलं ते बघा.

खारीगावची (कळवा)

मला या सगळ्याच शोधाबद्दल बोलायचं आहे. माझा दादा या नादात पडला. काळ्या त्रिकोणाच्या सीडीसाठी परदेशी विक्रेत्याला त्याने जे पैसे मोजले, वर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी, त्यात चांगले स्पीकर आले असते. ऐकतो कुठे? हॉलमध्ये. वर पंखा, खिडकीबाहेर रेतीबंदरचा रस्ता, स्पीकर भिंतीला चिकटून टीव्हीच्या दोन बाजूंना. आम्ही स्पीकर दीड फूट पुढे ओढले आणि मागे गोधडी टांगली, तेव्हा जो फरक पडला तो कुठल्याच जपानी सीडीने पडला नव्हता. मी शपथेवर सांगते.

आणि दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाज जुळवता का? कानाला जरा मोठं ते चांगलंच वाटतं. उलट हातात दुर्मिळ वस्तू आहे हे माहीत असलं की तीच गोड लागते. डोळे बांधून ऐका, मग बोलू.

मासुंदाकाठ

ताई, गोधडीचं मान्य. माझ्याकडेही पडदे जाड आहेत. पण चांगली खोली छाटलेला ठोका परत आणू शकत नाही. तो फाइलमध्येच नाही. आणि मी परदेशातून मागवा म्हणतच नाही, रद्दीत जाणारं वाचवा म्हणतोय.

वाशीकर, 'अॅक्वालंग'वर हरलो. जुनी माझ्याकडेही आहे, तुमचं वर्णन तंतोतंत बरोबर. पण लेड झेपलिनचं काय? त्यांच्या पहिल्या सीडींपैकी काही बॅरी डायमेंट यांनी मास्टर केल्या. त्यात त्यांच्या ड्रमर बोनहॅमचा ड्रम खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा येतो, भोवतीच्या हवेसकट. १९९० चा, गिटारवादक जिमी पेज आणि जॉर्ज मरिनो यांनी पुन्हा मास्टर केलेला संच माझ्या कानाला तिखट लागतो.

नेरूळ पूर्व

दोघेही एक गोष्ट विसरताय आणि तिच्यामुळे लोक चांगल्या सीडी फेकून देतात. प्री-एम्फसिस.

सुरुवातीच्या बऱ्याच सीडींवर, विशेषतः जपानी, वरचे सूर (ट्रेबल) मुद्दाम वाढवून भरलेले असतात आणि शेजारी एक खूण नोंदलेली असते. प्लेअर ती खूण वाचतो आणि वाजवताना तेवढेच सूर उतरवतो. हेतू हा, की त्यासोबत वरच्या पट्टीतली खरखरही उतरावी. कॉम्प्युटरवर रिप केलं, म्हणजे सीडीवरची गाणी फाइल म्हणून उतरवली, की पुष्कळ प्रोग्राम त्या खुणेकडे बघतच नाहीत. मग सगळं कर्कश आणि पातळ वाटतं, आणि माणूस म्हणतो जुनी सीडी बेकार. बीटल्सची जपानी 'अॅबी रोड', १९८३ ची, नंतर बाजारातून मागे घेतलेली, अशीच आहे. कधी खूण सीडीच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्यांच्या सबकोडमध्ये, म्हणजे गाण्यासोबत भरलेल्या लपलेल्या माहितीत, असते, म्हणून दोन्हीकडे बघा. सॉक्स या मोफत प्रोग्राममध्ये 'डीएम्फ' नावाचा इफेक्ट आहे, तो लावला की फाइल जागेवर येते.

रद्दीत उभं राहून ओळखायचं कसं? सीडी उलटी करा, आतल्या कड्यावरचे आकडे वाचा. बारीक अक्षरांत आयएफपीआय आणि त्यापुढे कोड दिसला तर ती १९९४ किंवा त्यानंतरची छपाई. ही खूण १९९४ मध्येच सुरू झाली. 'मेड इन वेस्ट जर्मनी' म्हणजे साधारण १९९० पर्यंतची. जपानी सीडीचा क्रमांक ३५ किंवा ३८ ने सुरू होत असेल तर बहुतेकदा ती तेव्हाची किंमत असते, ३५०० किंवा ३८०० येन. कड्यावरचा आकडा उतरवून घ्या आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीडींच्या आवृत्त्यांची यादी असलेल्या साइटवर शोधा. नुसत्या मुखपृष्ठावरून काहीही कळत नाही.

आता काकांना न आवडणारं. प्रेसिंग (छपाई) आणि मास्टरिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच मास्टरिंगवरून जपानमध्ये छापलेली आणि पुढे अमेरिकेत स्वस्तात छापलेली सीडी यांतला डेटा बिट न् बिट सारखा असू शकतो. दोन्ही रिप करा आणि ताडून पाहा. सारख्या निघाल्या तर महागडीचे पैसे फक्त कागदाचे.

एक इशारा, ब्रिटनमधल्या पीडीओ या सीडी छापणाऱ्या कंपनीच्या ब्लॅकबर्न कारखान्यात १९८८ ते ९३ दरम्यान छापलेल्या काही सीडी तपकिरी पडत जातात. वरचं लॅकर खोक्याच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. कडेने काळवंडायला लागली असेल तर आजच रिप करून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुस्तिकेला बुरशी येते ती वेगळी, ती पुसता येते.

ऐरोली लोकल

मी तेवीस वर्षांची, सीडी प्लेअर कधी घरात नव्हता. स्ट्रीमिंग अॅप सगळी गाणी एका पातळीवर आणतात, स्पॉटिफायची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप). मोठ्याने मास्टर केलेलं गाणं आपोआप खाली येतं. मग लाउडनेसचा वाद संपला ना? शिवाय पुष्कळ रेकॉर्डचा डायनॅमिक रेंजचा, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातल्या फरकाचा, आकडा नेटवर मिळतो. जास्त आकडा ते चांगलं, एवढं सोपं नाही का?

सेक्टर सतरा

इथे मात्र मी काकांच्या बाजूने. अॅप फक्त आवाज खाली करतं. छाटलेलं टोक परत जोडत नाही. म्हणून सारख्या पातळीवर दाबलेलं गाणं उलट जास्त निर्जीव वाटतं. आणि अॅपवर बहुधा सर्वात अलीकडची आवृत्तीच ठेवलेली असते. तिथे तुला निवड नाही. खरी अडचण ती आहे.

आकड्याचं म्हणशील तर एलपीवरून केलेल्या रिपचा आकडा सीडीपेक्षा मोठा येतो, मूळ मास्टर तेच असलं तरी. सुईच्या प्रवासात लाटेची टोकं हलतात आणि मोजणारा प्रोग्राम त्यालाच डायनॅमिक्स समजतो. आकड्यावरून शोध सुरू कर. पसंती कानाने ठरव.

मासुंदाकाठ

रविवारी खारीगावच्या ताई, त्यांचे दादा आणि नेरूळकर माझ्याकडे आले होते. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाने निथळत चार तास ऐकलं. ताईंनी आवाज जुळवला आणि कुठली फाइल वाजतेय ते स्वतःपाशीच ठेवलं.

डायर स्ट्रेट्सच्या 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या दोन प्रती होत्या, माझी वेस्ट जर्मनीची आणि नेरूळकरांची नंतरची साधी. मी दहापैकी पाच वेळा बरोबर सांगितलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. मग ताडून पाहिल्या, बिट न् बिट सारख्या निघाल्या. जर्मन छपाईबद्दल मी वर्षानुवर्षं जे बोलत आलो ते मागे घेतो. १९९६ चं रीमास्टर वेगळं आहे हे मात्र तिघांनीही ओळखलं, आणि तिघांनाही जुनं आवडलं.

झेपलिनच्या दुसऱ्या रेकॉर्डवर मी दहापैकी नऊ वेळा जुनी ओळखली. दादांनी आठ. ताईंना मात्र १९९० ची जास्त आवडली, तिच्यात गाण्याचे शब्द स्पष्ट येतात म्हणाल्या. त्यावर जेवताना पुन्हा वाद झाला.

आजोबांच्या सीडींपैकी सात रिप व्हायच्या आहेत. एकीच्या कडेला तपकिरी झाक दिसतेय, ती आज रात्री घेतो.