अनुभव धागा: कपाटातले खण पहिल्यांदा स्वतः करताना

कोपरी, ठाणे पूर्व (निमंत्रण)

आमच्या घरात भिंतीत बसवलेले एक जुने कपाट आहे. त्यात नुसत्या फळ्या आहेत, आणि घडीतली मधली साडी ओढली की वरच्या चार अंगावर येतात. त्या फळ्या काढून तिथे ड्रॉवरचा, म्हणजे खणांचा, खोका स्वतः करून बसवावा, असे मी ठरवले आहे. लाकूडकामाचा माझा आजवरचा अनुभव एक पाट आणि चपलांची मांडणी एवढाच आहे. ज्यांनी असे खण पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी केले, त्यांनी माप कुठे चुकले, चॅनल (खण ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) कसे बसले आणि पुन्हा करायचे झाल्यास काय वेगळे कराल, ते सविस्तर लिहावे. मिस्त्रीकडून करून घेणे स्वस्त पडते की महाग, हा वाद कृपया इथे नको.

ऐरोली

माझा पहिला खण खोक्यात गेला खरा, पण आत डुगडुगत होता, आणि त्याचे कारण कळायला मला दोन रविवार लागले. वरची व खालची फळी ६०० मिमीची आणि बाजूच्या फळ्या त्यांच्या मध्ये उभ्या, अशी माझी रचना होती. प्लाय १८ मिमीचा, म्हणून आतली रुंदी ५६४ धरली. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी जागा लागते. थोडी सूट धरून मी एकूण २६ वजा केले आणि खणाची बाहेरची रुंदी ५३८ काढली. खणाच्या बाजू १२ मिमीच्या असल्याने पुढचा व मागचा तुकडा ५१४ चा झाला. ही बेरीज-वजाबाकी मी तीनदा तपासली होती आणि तिन्ही वेळा ती बरोबरच होती.

चूक प्लायमध्ये होती. दुकानात ज्याला १८ म्हणतात तो व्हर्नियरने मोजल्यावर १७.२ भरला. त्यामुळे आतली रुंदी ५६५.६ झाली आणि चॅनल एकेका बाजूला पाऊण मिमीने सैल पडले. शेवटी जुन्या लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापून, दोन-दोन एकावर एक ठेवून चॅनलच्या मागे घातल्या आणि स्क्रू पुन्हा आवळले. चार वर्षे झाली, तो खण अजून पत्रिकेवरच चालतो आहे. दुसऱ्या खोक्याच्या वेळी मी खणांचा एकही तुकडा आधी कापला नाही. खोका उभा केला, त्याचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते पाहिले, मागे ६ मिमीची पाठ ठोकली आणि मग आतली रुंदी समोर, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी घेतली. मागे ती २ मिमीने कमी होती, कारण एक बाजू पोटात वाकली होती. ती सरळ केल्यावरच खणांची मापे कागदावर लिहिली. ताई, खण सैल झाला तर त्याला पुठ्ठा लावता येतो. घट्ट झाला तर तो सोडवून पुन्हा कापावाच लागतो.

नौपाडा

ऐरोलीकरांनी जाडीचे लिहिले, मी पात्याचे लिहितो. निवृत्तीनंतर हा उद्योग सुरू केला तेव्हा प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी, एवढेच मला ठाऊक होते. रुंदीतून ४०६ च्या तीन पट्ट्या काढायच्या होत्या. बेरीज १२१८, म्हणजे कागदावर २ मिमी उरतातच. दुकानातल्या मिस्त्रीने माझा कागद पाहिला, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, ‘‘काका, पातं एक सूत खातं, ते कुणी द्यायचं?’’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. दोन कापांत ६ मिमीचा भुसा होणार आणि तिसरी पट्टी ४०२ चीच निघणार, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. सगळे खण ४ मिमीने उथळ करून मी वेळ निभावली.

आणखी एक सांगतो. हातातल्या गोल करवतीचे दात खालून वर कापतात, त्यामुळे वरच्या बाजूला चिरफळ्या उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी. टेबलावरच्या करवतीत हेच उलट असते. मी हे उलटसुलट लक्षात ठेवले होते, आणि माझ्या पहिल्या दर्शनी फळ्या, ज्यांना मिस्त्री लोक फेशिया म्हणतात, कुरतडल्यासारख्या दिसतात त्या त्यामुळेच.

खारघर

माझी चूक लाकडाची नव्हती, डोक्याची होती. आमच्या शयनगृहातल्या कपाटाला दोन सरकते दरवाजे आहेत. आत तीन दालने सारख्या मापाची, म्हणून मधल्या दालनात चार खण केले. सांधे उत्तम जमले, चॅनल रेशमासारखे चालत होते, रात्री अकरा वाजता मी घरच्यांना बोलावून एकेक खण उघडून दाखवला. दुसऱ्या दिवशी काढून ठेवलेले दरवाजे परत चढवले. सरकता दरवाजा कुठेही नेला तरी मधल्या दालनाचा निम्मा भाग झाकलेलाच राहतो; डावा उघडावा तर उजवीकडचा अर्धा अडतो, आणि उजवा उघडावा तर डावीकडचा. चारही खण वीतभर बाहेर येऊन दाराच्या कडेला थडकत होते. (सासूबाईंनी त्यावर काहीच टिप्पणी केली नाही, हे मला जास्त लागले.) शेवटी मधल्या उभ्या फळ्या सोडवून तीनऐवजी दोन दालने केली, प्रत्येक दालन एका दरवाजाच्या संपूर्ण उघड्या भागात बसेल अशी, आणि खण नव्याने केले.

बिजागरीच्या दरवाजांनाही हा त्रास वेगळ्या रूपात असतो. दार काटकोनापर्यंतच उघडत असेल, तर त्याची जाडी आणि बिजागरी खणाच्या वाटेत येतात. म्हणून खोक्याच्या बाजूला एक भरीव पट्टी लावून खण आत सरकवून घ्यावे लागतात. दार उघडून, आतल्या बाजूने किती जागा मोकळी राहते ते आधी मोजावे.

वाशी

थोडक्यात लिहिते. १२ मिमी प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारू नये, थर फुटतात. आधी बारीक भोक पाडावे; ४ मिमीच्या स्क्रूला मी अडीच ते तीन मिमीचे पाडते. खणाचा तळ खालून नुसता ठोकू नये. चारही बाजूंना खोबण पाडून त्यात ६ मिमीचा प्लाय सरकवावा, म्हणजे चादरी-ब्लँकेटांचे वजन खिळ्यांवर येत नाही.

कळवा

मी हौसेने दर्शनी फळ्या भरीव लाकडाच्या केल्या. गावाहून, कोकणातून, फणसाच्या जुन्या फळ्या आणल्या होत्या. त्यांचा पिवळा रंग पाहून त्यांवर मायका चढवायचे जिवावर आले. मे महिन्यात काम केले आणि दोन खणांच्या मध्ये दीड मिमीची फट ठेवली, अगदी रेखीव. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालचे दोन खण उघडेनात. भरीव लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. माझ्या फळ्यांच्या रेषा आडव्या होत्या, म्हणून प्रत्येक फळी उंचीत थोडी थोडी वाढली आणि चार फळ्यांची वाढ मिळून सगळी फट गिळून बसली. प्लायमध्ये एकाआड एक थर काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे तो असा वाढत नाही. मी तेव्हा रंधा मारला नाही, नवरात्रापर्यंत थांबलो. हवा कोरडी झाली आणि खण आपोआप सुटले. मग फळ्या काढून प्रत्येकीची खालची कड थोडी तासली आणि मागच्या बाजूलाही पॉलिश दिले, कारण आधी मी ते फक्त समोरून दिले होते.

घोडबंदर रोड

भिंतीविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. खोका भिंतीला टेकत नाही, कारण खाली टाइलची स्कर्टिंग बाहेर आलेली असते. मी मागच्या खालच्या कोपऱ्यांत खाच पाडली आणि मगच वरचा भाग भिंतीला लागला. भिंतीला टेकवून तिथेच आवळणे आवश्यक आहे, कारण पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनलवर भरलेले तीन खण एकदम ओढले की रिकामा-हलका खोका पुढे झुकतो. माझ्या तीन वर्षांच्या मुलाने खालचा खण पायरीसारखा वापरला तेव्हा मी शेजारीच होतो, म्हणून निभावले. आमच्या इमारतीसारख्या नव्या इमारतींत भिंती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात; स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकतात तो साधा प्लास्टिकचा गुट्टा त्यात धरत नाही, नुसता फिरतो. त्या ब्लॉकसाठी वेगळा गुट्टा मिळतो, तोच मागावा.

कोपरी, ठाणे पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचल्यावर मी आज दुपारी भिंतीतल्या कपाटाची मापे नव्याने घेतली. रुंदी समोर ८६२, मध्ये ८५८ आणि मागे ८५१ मिमी भरली. आधी मी फक्त समोरची घेतली होती. दार काटकोनाच्या पुढे जात नाही, हेही खारघरच्या ताईंमुळे आजच पाहिले. उघडे दार आणि बिजागरी मिळून चौकटीची कड ओलांडून ४ मिमी आत येतात. म्हणून खोका बाहेरून ८४० चा करून त्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्या देणार आहे. एवढा रुंद एकच खण ओढताना तिरका होऊन अडेल, असे वाटते, त्यामुळे मध्ये एक उभी फळी घेते. माझी भिंत जुन्या विटांची आहे, तेव्हा गुट्ट्याची चिंता नाही. ताव आमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही आणि तीसेक किलोचे ते धूड जिन्यावरून नेणे आम्हा दोघांना जमणार नाही, म्हणून दुकानातच चार-चार फुटांचे दोन तुकडे करून घेणार आहे.

प्लाय खरोखर १८ चा निघाला, तर दोन्ही दालने ३९३ ची आणि खण ३६७ चे होतील. हा शेवटचा आकडा मात्र खोका उभा राहीपर्यंत वहीत पेन्सिलीनेच लिहिलेला राहील.