परराष्ट्रमंत्री निवडून आलेला नेताच असावा का?

मिलिंद_क
२०१९ पासून हे खातं परराष्ट्र सेवेतले माजी अधिकारी एस. जयशंकर यांच्याकडे आहे. त्यांच्या अभ्यासाबद्दल वाद नाही, पण हे खातं लोकांतून निवडून आलेल्या नेत्याकडेच असावं, असं माझं ठाम मत आहे. यशवंतराव चव्हाणांचं बघा. १९६२ मध्ये चीनने मार दिल्यावर संरक्षण खातं त्यांनी सांभाळलं आणि १९७६ मध्ये बीजिंगला पुन्हा राजदूत पाठवला तेव्हा परराष्ट्रमंत्री तेच होते. असे निर्णय लोकांच्या गळी उतरवायला पाठीशी मतदार लागतो.

रेवती
अजिबात पटलं नाही. १९७६ म्हणजे आणीबाणी! विरोधक तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. गळी उतरवायचं कोणाच्या? शिवाय निर्णय इंदिरा गांधींचा. नेहरूंनी तर हे खातं शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवलं. आपल्याकडे दिशा पंतप्रधान ठरवतात, मंत्री ती तडीस नेतो. मग जयशंकरांसारखा जो १९७७ मध्ये परराष्ट्र सेवेत आला, चीन आणि अमेरिकेत राजदूत होता, परराष्ट्र सचिव झाला, तो का नको?

मिलिंद_क
बरं, आणीबाणी बाजूला ठेवू. फेब्रुवारी १९७९ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनला गेले. ते तिथे असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि ते दौरा आटोपता घेऊन परतले. मुळात जाण्याचं धाडस जनसंघातून आलेल्या माणसाला झेपलं, कारण त्यांच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवलं नसतं. अधिकाऱ्याला हे कवच कुठून मिळणार?

आखाती_मराठी
आम्हा बाहेर राहणाऱ्यांना मंत्री अडचणीत धावून येणारा हवा. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. पुढे अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० भारतीय मायदेशी आले. सुषमा स्वराज तर ट्विटरवर अडकलेल्या माणसाला थेट उत्तर द्यायच्या. ही कळकळ राजकारणातूनच येते, मी मिलिंदच्या बाजूने.

रेवती
कळकळीवर राजकारण्यांचा मक्ता नाही हो! जयशंकर मंत्री असतानाच २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थी सुखरूप आले.

मिलिंद_क
तेव्हा शेजारच्या देशांत चार केंद्रीय मंत्री धाडावे लागले, हे विसरू नका. सीमेवर अडकलेल्या पोरांसाठी राजकीय वजनच कामी आलं.

रेवती
त्या चौघांपैकी हंगेरीत गेलेले हरदीपसिंग पुरी परराष्ट्र सेवेतलेच, आणि रोमानियाला गेलेल्या ज्योतिरादित्य शिंद्यांकडे तेव्हा विमान वाहतूक खातं होतं. ज्याला काम माहीत होतं, तोच धाडला.