कॉनवीच्या बुरुजांवरची भोकं
वेल्समधल्या कॉनवी किल्ल्याच्या तुमच्या फोटोखाली बुरुजांवरच्या भोकांना तुम्ही जंग्या (म्हणजे आतून मारा करायच्या फटी) म्हटलंय, पण बरीचशी भोकं जंग्या नाहीत. फोटो मोठा करून पाहा. रांग आडवी जात नाही, बुरुजाला वळसा घालत तिरकी वर चढते. त्यांत परांचीचे वासे खोवायचे आणि त्या चढावरून सामान वर न्यायचं. ही आल्प्समधल्या सव्हॉय प्रांताकडची पद्धत. किल्ला बांधवणाऱ्या इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डचा मुख्य स्थपती जेम्स ऑफ सेंट जॉर्ज तिकडूनच आला होता. आठ भक्कम बुरुज, आणि काम १२८३ ते १२८७, जेमतेम चार वर्षांत! मी तर थक्कच झाले होते. आणि हो, तेव्हा किल्ला असा करडा नव्हता. भिंतींना चुन्याचा पांढरा गिलावा होता, त्याचे अवशेष अजून काही ठिकाणी चिकटलेले आहेत.